ढालकरणीचा नियम

महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई नांदेडहून लातूरला खेळायला येते. खेळ कागदाचा आणि फाशांचा. मी गोष्ट सांगतो, राक्षस उभे करतो. ताई, माझी बायको आणि माझा एक सहकारी आपापलं पात्र घेऊन लढतात. पात्राच्या प्रकाराला या खेळात क्लास म्हणतात. लातुरात क्लास म्हणजे शिकवणी, आणि मी गणिताची शिकवणीच घेतो. त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं, हा माणूस रविवारीही पोरांना पिळतो.

पुस्तकातला एकही क्लास ताईला पसंत पडला नाही. तिनं स्वतःचाच बनवला, ढालकरीण. तलवार नाही, फक्त ढाल. ताकद एकच, आणि तिचं नाव ताईनंच वहीत लिहिलं: 'मधात पडणं'. शेजारच्या कुणावरही वार झाला की ढालकरीण मध्ये जाणार, वार स्वतःवर घेणार. कितीही वेळा.

मला नवल वाटलं नाही. लहानपणी काच फुटो की छत्री हरवो, वडिलांच्या आणि माझ्या मधात तीच पडायची.

पण खेळ पार बिघडला. बाकीच्यांना ओरखडासुद्धा उठेना. बायकोच्या वैद्य पात्राची औषधं तशीच पडून राहिली. सहकारी वैतागून म्हणाला, "ताई, आमाला बी जरा मार खाऊ द्या की." मग मी ढालीला तडे जायचा नियम केला. ताई फुटक्या ढालीनिशी मधात पडली आणि लागोपाठ दोन खेळांत मेली, दोन्ही वेळा हसत. गणिताच्या मास्तरला आकडे जुळेनात, माझी नुसती चिडचिड झाली.

त्याच सुमारास तिचे सासरे अंथरुणाला खिळले. दाजींची नोकरी बाहेरगावी. महिन्यातून एकदा ते घरी येतात, तोच तिचा रविवार. बाकी सगळं ती एकटी ओढत होती. मी म्हटलं, "आठवड्यातले दोन दिवस मी येत जातो."

"तू मधात पडू नको. तुझे क्लास बघ."

तिच्या तोंडून हे ऐकून मला रागच आला. त्या रागातच नवा नियम लिहिला: ज्याच्यावर वार आलाय त्यानं 'ये' म्हटल्याशिवाय कुणी मधात पडायचं नाही. आणि ढालकरणीनं 'ये' म्हटलं, तर तिच्यासाठीही कुणालाही पडता येईल.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी खेळ छान रंगला. शेवटी ढालकरणीचा जीव तीन गुणांवर आला आणि राक्षसानं तिच्यावरच वार केला. "ताई, म्हणा ना 'ये'," बायको म्हणाली. सहकारी तर खुर्चीतून उठलाच. ताई फासा बोटांत फिरवत बसली.

"मरू द्या की. कागदाचीच हाय."

ढालकरीण मेली. ताईला गाडीत बसवताना मला वाटलं, हिनं आता खेळायला येणंच सोडलं.

गुरुवारी शिकवणी चालू असताना तिचा फोन आला. पोरांसमोर मी कधी फोन घेत नाही, तेव्हा घेतला.

"उद्या दवाखान्यात न्यायचंय त्यांना. मला एकटीला उचलवत न्हाईत रे," ती म्हणाली. मी हातातला खडू खाली ठेवला.

"ये," ताई म्हणाली.

फळ्यावरचं गणित अर्धंच होतं. ते तसंच ठेवून मी स्टँड गाठला.