कामणच्या चढावर अडकलेली हवा

फुटलेल्या पाइपलाइनचं वेल्डिंग संपवून पहाटेच लाइन चार्ज केली होती, म्हणजे पाणी सोडलं होतं. दुपारचा एक वाजला तरी मनवेलपाड्याच्या टाकीत करंगळीएवढीच धार. दोन दिवस नळ कोरडे होते. कार्यकारी अभियंता साहेबांचा सारखा फोन.

“दुसरं लीकेज असणार, मॅडम. पाणी बंद करून पुन्हा शटडाउन घ्या.”

“नाही सर. कामणच्या अलीकडे गेज पूर्ण प्रेशर दाखवतोय. पुढे लाइन फुटली असती तर तेही पडलं असतं. हवा अडकलीय.”

रिकामी पाइपलाइन पुन्हा भरताना चढाच्या माथ्यावर हवा साठते आणि पाण्याची वाट अडवते. ती बाहेर सोडायला तिथे एअर व्हॉल्व्ह बसवलेला असतो.

“एक तास देतो, तेवढ्यात व्हॉल्व्ह शोधा,” साहेब म्हणाले.

ड्रॉइंगप्रमाणे व्हॉल्व्ह कामणच्या चढावर होता. प्रत्यक्षात तिथे एका गोडाउनचं आवार, नवे पेव्हर ब्लॉक आणि ट्रक. मी आणि फिटर टेप घेऊन मोजत होतो, पण जिथून मोजायला सुरुवात करायची तो खुणेचा जुना दगडच गायब. शेजारच्या वाडीत भाजी खुडणाऱ्या आजी कुंपणाशी आल्या.

“ती शिटी शोधतंय का? पानी सोडलं का हितंच वाजायची. त्या निळ्या ट्रकाखाली बघ.”

गोडाउनचा सुपरवायझर आडवा आला. “मालकांना विचारल्याशिवाय ब्लॉक तोडता येणार नाहीत.”

“लावा फोन. ब्लॉक आम्ही परत बसवून देऊ. आचोळ्यापासून विरारपर्यंत लोक पाण्याची वाट बघतायत.”

मालक तयार झाले, ट्रक हलला. आवाज ठाम ठेवला होता, पण आजींचा अंदाज चुकला असता तर माझा तास संपलाच होता.

कुदळ लोखंडी झाकणावर वाजली. खालच्या चेंबरमध्ये डबर ठासून भरलेलं आणि व्हॉल्व्हचं तोंड मातीने बंद. लाइन भरलेली होती तोवर हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. फिटरने तोंड साफ केलं आणि हवा अशी सुटली की आजींनी पदराने कान झाकले. पाऊण तासाने पाणी उसळलं आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला.

दिवेलागणीला टाकी भरली. “शटडाउन वाचला,” साहेब एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी अख्खी लाइन पायी चालले. आणखी दोन व्हॉल्व्ह असेच गाडलेले निघाले. तेव्हापासून ड्रॉइंगवर सही करण्याआधी मी जागेवर जाऊन येते. कागदावरचा व्हॉल्व्ह हवा सोडत नाही.