ज्वारीचा पाव

सत्तरच्या दशकात मी वसमतला एका बेकरीत पाव भाजायचो. थोरली लेक तेव्हा पाच वर्षांची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. नांदेडच्या डॉक्टरांनी बरेच दिवस तपासून सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, मैदा, रवा कायमचं बंद."

ज्वारीच्या भाकरीवर लेकरू चांगलं भरलं. पण संध्याकाळी मी घरी आलो की ती माझा सदरा हुंगायची. म्हणायची, "बाबा, साऱ्या गावाला पाव करता, मला काहून न्हाई?"

शेवटी म्हटलं, ज्वारीचाच पाव करून बघू. बेकरीत मैदा उडतो, म्हणून घरीच. तिथलं खमीरही मैद्याचं, म्हणून सोडा घेतला. पीठ जोर लावून मळलं, गोळे भाजले. पहिले दगडासारखे झाले, दुसऱ्या खेपेचे हात लावताच भुगा. बारा वर्षं पाव करणारा माणूस मी, लाज वाटली.

बायको चुलीपाशी बसून बघत होती. "तुमी ज्वारीला मैद्यावानी मळून राहिले. तिला ताण कुठला? भाकरीला आमी आधणाचं पाणी घालतो ते उगंच का?"

"अन् फुगवू कशानं?"

"आंबिलीचं पीठ आंबतंच की!"

तिनं निम्मं पीठ उकळत्या पाण्यात कालवलं, ते कोमट झाल्यावर त्यात उरलेलं पीठ आणि आदल्या दिवसाचं आंबवलेलं पीठ मिसळलं. पाव फुगला, चवही आली, पण कापताना फुटायचा. चार दिवसांनी लेकीच्या पायाला गळू झालं. बायकोनं जवस वाटून, शिजवून पोटीस केलं. तो लगदा बोटांना असा चिकटला की ती तिथूनच ओरडली, "अवो, हेच की! हे पिठाला धरून ठेवील."

वाटलेलं जवस पाण्यात भिजवून पिठात घातलं. पीठ सैल झालं, हातानं वळेना. मग तेल लावलेल्या वाट्यांत ओतलं आणि उबेला ठेवलं. पीठ काठापर्यंत आल्यावर पातेल्यात वाळू तापवून वाट्या त्यात ठेवल्या, झाकणावर निखारे पसरले. पुरता निवल्याशिवाय पाव कापायचा नाही, एवढं शास्त्र मात्र माझं.

लेकीनं पहिला घास चहात बुडवून खाल्ला. मऊ होता, जरासा आंबट, वरून खरपूस. तिनं लगेच दुसऱ्या पावाला हात घातला.

दुसऱ्या दिवशी एक पाव मालकांना नेला. त्यांनी दाबून पाहिला, तोडला, खाल्ला. "मैदा कुठला हा?"

"मैदा न्हाईच मालक. ज्वारी हाय."

"कारागीर कोण?"

"आमच्या घरी हाय," मी ताठ उभा राहून म्हणालो.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिनं हसू दाबलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला ज्वारी आणखी बारीक दळून आणा."