दत्तोपंतांचं जमलं!

कारखान्याच्या स्टोअरमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात: गंज आणि किस्से. गंज आम्ही घासून काढायचो, किस्से मात्र डब्याच्या सुट्टीत वाढतच गेले. आमच्या अंबरनाथच्या स्टोअरमधले निम्मे किस्से एकट्या दत्तोपंतांचे. आमचे स्टोअरकीपर, वय बावन्न.

*

पंतांची बायको गेली आणि पंत हसायचेच थांबले. स्वतः रांधून डबा आणायचे, तोही दोघांपुरता!

"पंत, एवढा भात?"

"जाण्याआधी तिनं दोघांचंच माप शिकवलं रे. एकाचं विचारायचं राहून गेलं."

वर्षभर तो जास्तीचा भात आम्ही खाल्ला.

*

मग कारखान्याच्या दवाखान्यात सुमतीबाई नर्स म्हणून आल्या. पंचेचाळिशीच्या, विधवा, जिभेला धार. पंतांचं बोट रोज कापायला लागलं!

एक दिवस बाई म्हणाल्या, "पंत, काल पट्टी उजव्या हाताला होती!"

"हो का? मग आज दोन्हींना बांधा!"

*

बाई सायकलवरून यायच्या, म्हणून पंत सायकल शिकायला निघाले. मोरिवलीच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला थेट भातखाचरात! बांधावरून शेतकरी ओरडला, "सायेब, लावनी झाली आमची! आता कशाला उतरलाव?"

चिखलात बसून पंत खो खो हसले. दीड वर्षानं! त्यांना उचलायचं सोडून आम्ही नुसते बघत राहिलो.

*

जवळच्या सिंधी कॅम्पातल्या दुकानात बाईंसाठी साडी घ्यायला पंतांनी मला सोबत नेलं.

"बेटी के लिए, साईं?"

"नाही."

"बहू के लिए?"

"नाही हो!"

दुकानदारानं पंतांच्या पांढऱ्या मिशा निरखल्या आणि आत हाक मारली, "चाय लाओ! दूल्हा आया है!"

*

पण साडी कपाटातच राहिली. लग्नाचा विचार कळवताच पंतांच्या मुलीचं, कुसुमचं, नाशिकहून पत्र आलं, "आईची जागा कुणाला देऊ नका." पंतांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "तिची ना असेल तर विषय संपला." शेवटी मीच तिला लिहिलं, एकदा येऊन बाईंना बघ, मग काय ते ठरव.

आली! म्हणजे लेकीनं बापासाठी मुलगी बघायची! पोहे पंतांनीच केले. वरपक्षाकडून मी बसलो. सुमतीबाईंनी मान काही खाली घातली नाही.

कुसुमनं बशीला हात लावला नाही. एकच प्रश्न विचारला, "भिंतीवरचा आईचा फोटो काढणार?"

"काढायचा कशाला?" बाई म्हणाल्या. "शेजारी आमच्या ह्यांचा लावायचाय. दोघांना सोबत होईल."

कुसुमचे डोळे भरून आले आणि तशातच तिला हसू फुटलं.

स्वयंपाकघरातून पंतांचा आवाज आला, "खिळा दीड इंची आणू की दोन?"