भाऊजींची सनई

आमच्या धाकट्या दिरांनी एका सनईवर जेवढा वेळ घालवलाय, तेवढ्या वेळात आमच्या पनवेलला विमानतळ उभा राहिला. आणि ती सनई ऐकून ऐकून माझ्याइतकी दमलेली बाई अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरी नसेल. दिवसा ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात माल उतरवून घेतात. दिवसभर पत्र्यांचा आणि सळ्यांचा खणखणाट ऐकलेल्या माणसाने घरी येऊन गप्प पडावं की नाही? भाऊजी चहा घेतात आणि सिंथेसायझरवरचं कापड काढतात. उरण-पनवेलच्या गावांत हळदीला गाणारी एक पार्टी आहे, तिच्यात ते वाजवतात. इतर वादक यंत्रात आयते आलेले आवाज वाजवून मोकळे होतात, पण भाऊजींना आयतं काही चालत नाही. सनईचा सूर किती पटकन उठावा, किती हळू विझावा, त्यात फुंकीची खरखर किती असावी, हे सगळं ते बटण केसभर फिरवून ठरवतात आणि दर केसभराला तीच पट्टी दाबून ऐकतात. माझी आठवड्याची भाजी निवडून डब्यांत जाते, इस्त्रीचे कपडे लागतात, उद्याची कामं लिहून होतात, तरी पट्टी तीच. आमचे हे तर चप्पल घालून खाली बागेत निघून जातात.

"भाऊजी, बस करा आता!"

"झालंच वहिनी. जराशी धार हवी."

मग तो आवाज यंत्रात साठवण्याचा सोहळा. त्यात जागा मोजक्याच, आणि सगळ्या भरलेल्या. नवा ठेवायचा तर जुना पुसावा लागतो. 'पुसू का?' असं यंत्राने विचारलं की भाऊजींचं बोट हवेत अडकतं. मी एका रविवारात माळा रिकामा करणारी बाई, मला हे बघवत नाही. "पुसा की!" म्हटलं तर म्हणतात, "अहो, ही चिरनेरच्या हळदीची सनई. नवरीची आजी गुडघे दुखत असताना नाचली होती हिच्यावर." आवाजांची नावं तरी काय, 'फायनल', 'फायनल खरी', 'हीच घेणे'. माझे मसाल्याचे डबे बघून तरी शिकावं माणसाने.

कान मात्र असा, की एकदा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "वहिनी, तुमचा मिक्सर आज अर्धा सूर उतरलाय, जपा." मी हसले. दोन दिवसांनी चटणी अर्धी वाटून मिक्सर जळाला. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टीं टीं करतो, ते काळी चारच्या जवळ आहे, हेही मला त्यांनीच सांगितलेलं.

म्हणूनच, आपटा गावच्या हळदीनंतर पार्टीचा गायक घरी येऊन जे बोलला, ते मला खरं वाटेना. सोफ्याच्या अगदी कडेला बसून तो म्हणाला, "दादा, राग नको मानू. पण तुझी नवी सनई टाचणीसारखी कानात घुसते. नवरीच्या मावश्या कानावर हात ठेवून बसल्या. परत असं झालं तर आमी पेनड्राइव्हवरची सनई लावू. मला दुसरा इलाज नाय."

"स्पीकर खराब असेल," भाऊजी म्हणाले आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठले. बाटली काढली, दार उघडंच राहिलं, फ्रिज टीं टीं करायला लागला. भाऊजी त्याला टेकून शांतपणे पाणी ओतत होते. गायकाने माझ्याकडे बघितलं. मी उठून दार लावलं.

"वाजत होतं का?" त्यांनी विचारलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंच, बारीक आवाज गेलेत. इतक्या वर्षांच्या लोखंडाने नेले. कानात घालायचं यंत्र आणलं. त्याने बोलणं ऐकू येतं, पण सनई डब्यात कोंडल्यासारखी वाटते म्हणाले. म्हणजे जी धार त्यांना ऐकू येत नव्हती, ती ते बिचारे वाढवत बसले होते.

मग सिंथेसायझरवर कापड पडलं ते पडलंच. घर शांत. इतकी वर्षं मी हेच मागत होते. माझी कामं वेळेआधी उरकायला लागली आणि मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागले. शेवटी एका रविवारी दुपारी मीच ते कापड काढलं.

"पुढची हळद आलीय ना? बसा."

"कुठे थांबायचं तेच कळत नाही वहिनी."

"मला कळतं. इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय तुम्हाला?"

ते हसले नाहीत, पण बसले. बटण फिरवायचं, पट्टी दाबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. सनई टोचायला लागायच्या जरा आधी मी म्हटलं, "बस." यंत्राने विचारलं, 'पुसू का?' त्यांनी ती टाचणीवाली सनई पुसली. त्या हळदीला मावश्या नाचल्या. गायकाने पेनड्राइव्हचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळची भाजी मी सिंथेसायझरशेजारी बसूनच निवडते. मी बस म्हटलं की त्यांचं बोट तिथल्या तिथे थांबतं. 'जराशी धार हवी' असं एकदाही म्हणत नाहीत, आणि ते मला सोसत नाही. म्हणून कधी कधी सनई अगदी बरोबर जमली तरी मी मान वर करत नाही. मेथीची पानं खुडत राहते आणि त्यांना आणखी थोडं फिरवू देते.