यादीतला चौथा शब्द

आमचे हे, म्हणजे सूर्यकांत, आयुष्यभर रेघा मारत आले. दिल्लीत एका सरकारी ऑफिसात नकाशे काढायचे. डोंगराची, तळ्याची, शिवेची रेघ ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायची, आणि चुकली की ब्लेडनं अशी अलगद खरवडायची की कागदाला पत्ता लागू नये. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये मी पोळी लाटली तरी म्हणायचे, "कौशल्या, ईशान्येला जरा फुगलीय." जळलं मेलं ते लक्षण.

दुसरं वेड शब्दांचं. आमची नात केतकी इथेच वाढलेली, तिचं अर्धं मराठी हिंदीतच असतं. एकदा म्हणाली, "आजोबा, मी खूप चेष्टा केली, पण गणित सुटलंच नाही." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे पोट धरधरून हसले आणि त्याच दिवशी फ्रिजवर यादी चिकटवली. शब्द तोच, अर्थ वेगळा. शिक्षा, चेष्टा, राजीनामा असे वीसेक शब्द, ट्रेसिंग पेपरवर, छापल्यासारख्या अक्षरात. मला म्हणायचे, "तूही वाच गं." मी म्हणायची, "मला काय यूपीएससी द्यायचीय?" चाळीस वर्षं इथे काढली, पण माझं हिंदी भाजीवाल्यापुरतंच राहिलं.

मग यांना लघवीचा त्रास सुरू झाला. प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. पण हळू वाढणारा आहे, नुसतं लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच हॉस्पिटलात एक संशोधन चालू होतं. तुकड्यातल्या पेशींचा फोटो काढायचा, मग कॉम्प्युटर प्रत्येक पेशीच्या केंद्रकाभोवती रेघ मारतो, ते केवढं आहे, किती वेडंवाकडं आहे ते मोजतो, आणि आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधतो. हे तर हरखलेच. पडद्यावर नमुना बघून आले आणि म्हणाले, "रेघ बरी मारतो, पण वळणावर घाई करतो." फॉर्मवर सही केली, आणि तेव्हापासून घरात उठता-बसता "माझं संशोधन" सुरू झालं.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर फोन आला. हे बँकेत गेले होते, मोबाइल चार्जिंगला होता. मी उचलला. पलीकडून मुलगी म्हणाली, "सूर्यकांतजी की संशोधित रिपोर्ट आ गई है, आकर ले जाइए." मी म्हटलं, अच्छा, बिल्कुल. हे आले तेव्हा सांगितलं, "तुमच्या संशोधनाचा कागद आलाय म्हणे, जाल तेव्हा घेऊन या."

"चार महिन्यांनी जायचंच आहे," हे म्हणाले आणि चहा मागितला.

चार महिन्यांनी गेलो तेव्हा यांची कंबर धरली होती. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. कॉम्प्युटरच्या मापात केंद्रकं फारच वेडीवाकडी भरली होती. म्हणून लॅबवाल्यांनी त्या तुकड्याच्या काचा पुन्हा तपासल्या, आणि पहिला रिपोर्ट चुकला होता, आजार दांडगा होता. "संशोधित रिपोर्ट चार महीने से यहीं रखी है," त्या म्हणाल्या. "फ़ोन किया था, तुरंत इलाज शुरू करना था."

संशोधित म्हणजे दुरुस्त केलेला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मी तोंड उघडणार एवढ्यात हे म्हणाले, "फ़ोन मैंने ही उठाया था, मैडम. भूल गया." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आजार हाडात गेला होता. त्यानंतर चौदा महिने काढले. चार महिने आधी आलो असतो तर फरक पडला असता का, असं मी डॉक्टरीणबाईंना एकदा एकटीनं गाठून विचारलं. "शायद," त्या म्हणाल्या. तो शायद मला रोज खातो. यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही काढला. दहा वेळा ओठांवर आलं, आणि दहाही वेळा यांनी पाणी नाहीतर उशी मागितली.

तेरावं झाल्यावर मी फ्रिज पुसायला घेतला आणि ती यादी पहिल्यांदा वरपासून वाचली. एक शिक्षा, दोन चेष्टा, तीन राजीनामा. चार नुसता आकडा, पुढे कोरं. कागद काढून खिडकीशी धरला. चारच्या पुढे तो पातळ झाला होता, आणि उजेडात 'संशो' एवढं पुसट दिसत होतं. शेवटी त्यांच्या हातात चमचा ठरत नव्हता. किती वेळ बसले असतील ते ब्लेड घेऊन, मी आंघोळीला गेले असताना की झोपले असताना, कोण जाणे. मी तिथेच बसून रडले.

केतकी शाळेतून आली. म्हणाली, "आजी, चार नंबरला काय होतं?"

मी तिला पेन दिलं, संशोधन हा शब्द परत लिहायला लावला, आणि तो फोन मी उचलला होता हे तिला सांगितलं.