कुंपणालगतचं गाजरगवत

नाहूरच्या त्या सोसायटीत मागच्या कुंपणालगत गाजरगवत माजून फुललं, की दुसऱ्या मजल्यावर श्यामसुंदररावांची छाती वाजू लागायची. त्यांच्या पत्नी मृणालिनीताई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. गवत त्यांनी आधी हातांनी उपटून पाहिलं, तर कोपरापर्यंत पुरळ उठलं. मग गेल्या वर्षी पंप आणून स्वतःच तणनाशक मारलं. भर दुपारी, वाऱ्यात. धुक्यासारखा फवारा उडाला आणि तळमजल्यावरच्या कुंदाच्या मिरच्या करपल्या. तेव्हापासून कुंदाने बोलणंच टाकलं होतं.

यंदा गवत पुन्हा गुडघ्याला लागलं. फुलायच्या आत मारायलाच हवं होतं.

मृणालिनीताईंनी पंपात नुसतं पाणी भरून पार्किंगच्या कोरड्या लादीवर मारून पाहिलं. तुषार पार पलीकडच्या गाडीपर्यंत उडाले. त्यांनी दाब कमी केला, जाड थेंबांचं नोझल बसवलं, त्याभोवती कापलेल्या बादलीची टोपी अडकवली. आता ओल टोपीखालीच राहिली. मग त्यांनी कुंदाची बेल वाजवली.

"उद्या सकाळी फवारणार आहे. तू समोर उभी राहा."

"एक पान जरी वळलं ना, पोलिसात जाईन," कुंदा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मात्र ती आली. हाताची घडी घालून रोपांपाशी उभी राहिली. मास्क, हातमोजे, गमबूट घातलेल्या मृणालिनीताई टोपी जमिनीलगत धरून पाऊल पाऊल सरकत होत्या. पाठ घामाने भिजली होती. मिरच्यांजवळ पोचल्या आणि वर अशोकाची पानं सळसळली. त्यांनी झटकन पंपाची कळ सोडली.

"अगं, एवढंसंच उरलंय," कुंदाच म्हणाली. "मी मध्ये पत्रा धरते, संपव."

वरून श्यामसुंदररावांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. मृणालिनीताईंचं बोट पुन्हा कळेवर गेलं, पण त्यांनी ते मागे घेतलं.

"नको. वारा सुटलाय. उद्या."

दुसऱ्या दिवशी हवा स्तब्ध होती. उरलेला पट्टा झाला. मग सुरू झालं वाट बघणं. चहाच्या आधी त्या गॅलरीतून मिरच्या बघायच्या. एकदा एक पान पिवळं दिसलं, तशा अनवाणीच खाली धावल्या. कुंदाने पान तोडून उलटं केलं. मागे बारीक किडे चिकटले होते.

"मावा पडलाय गं. हे तुझं नाही."

मृणालिनीताई पायरीवरच बसल्या. कुंदाने आतून पाणी आणून दिलं.

गाजरगवत न फुलताच माना टाकून वाळलं. एका दुपारी श्यामसुंदररावांना खिडकी उघडी ठेवूनही गाढ झोप लागली. मृणालिनीताई मात्र बराच वेळ त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसल्या होत्या.