उजनीची होडी रत्नागिरीच्या खाडीत

माझी धाकटी बहीण सुनंदा गेल्या आषाढापासून होडीत बसली नव्हती. ती आणि तिचा नवरा, आमचे दाजी, उजनीच्या धरणावर मासे धरत असताना अचानक वारा सुटला, त्यांची बारा फुटी होडी लाटांनी भरली आणि ती दोघं जाळी सोडून कशीबशी काठाला लागली. मोठी होडी आणा, नाहीतर मी येणार नाही, असं तिने तेव्हाच सांगितलं. ती नाही म्हणजे दाजींची मासेमारीही बंद. जाळं आणि वल्हं एकट्याला जमत नाही. म्हणून जानेवारीत आम्ही तिघं रत्नागिरीला निघालो.

भिगवणहून पहाटे साडेपाचला गाडी काढली. फलटण, कराड करत आंबा घाट उतरलो. साखरप्याला चहा घेतला. पुढे महामार्गाचं काम चालू होतं. तिथे अर्धा तास जास्तीचा धरूनच निघा. रत्नागिरीत जेवायला सुरमईची थाळी, साधारण चारशे रुपये. दाजी धरणातला काटेरी कटला मासा खाऊन वाढलेले. काट्याशिवाय मासा म्हणजे फसवणूक, असं म्हणत त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची वेळ गाठून भाट्याच्या खाडीवर पोचलो. काठावर फायबरच्या होड्यांचा छोटा कारखाना आहे. त्याचे मालक तात्या, वय सत्तरीच्या पुढे. दाजींची नजर समुद्रात जाणाऱ्या खोल तळाच्या होडीवर खिळली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की हिचा तळ चिखलात रुतेल, असं सांगून तात्यांनी चपट्या तळाच्या दोन होड्या दाखवल्या, सोळा फुटी आणि वीस फुटी. दोन्हींना मागे इंजिन आणि दिशा त्याच्याच हँडलने द्यायची. स्टिअरिंगचं चाक नसलं की मधली जागा जाळ्यासाठी मोकळी राहते.

सोळा फुटीने खाडीच्या तोंडाशी आम्हाला भिजवून काढलं. मग वीस फुटी. दाजी ऐटीत हँडल धरून मागे बसले. तात्या सुनंदाला म्हणाले, "बाय, तू पुढे बस. वजनाला."

दाजींनी वेग एकदम वाढवला. होडीचं नाक वर झालं, पुढचं दिसेना आणि आम्ही जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांकडे निघालो. तात्यांनी हात घालून हँडल वळवलं. इंजिन बंद झालं.

मग सुनंदाने शांतपणे विचारलं, "तुम्ही मागं बसल्यावर जाळं कोण टाकणार?"

वीस वर्षं ती मागे बसून वल्हवते आणि दाजी पुढे उभे राहून जाळं टाकतात. इंजिन म्हटल्यावर आम्ही तिघेही पुरुष ते विसरलो होतो, अगदी दाजीसुद्धा.

"आमच्याकडे बायका होडीवर नसतात ना," तात्या ओशाळून म्हणाले, "म्हणून विचारलंच नाय."

जागा बदलल्या. हँडल उजवीकडे दाबलं की होडी डावीकडे वळते, हे तिला सांगावं लागलं नाही. वेग तिने हळूहळू वाढवला. दाजींच्या वजनाने नाक खाली राहिलं. तोंडाशी आल्यावर प्रत्येक लाट तिने जरा तिरकी घेतली. मग इंजिन मंद करून आम्हा तिघांना एका बाजूला उभं केलं. होडी कलली, पण पाणी आत आलं नाही. तिची एकच तक्रार होती, उभं राहिलं की हँडलला हात पोचत नाही. तात्यांनी तासाभरात त्याला हातभर पाइप जोडून दिला.

"हीच," सुनंदा म्हणाली.

परतण्याआधी वाट वाकडी करून आरे-वारेच्या किनाऱ्यावर थांबलो. समुद्राकडे पाहत दाजी म्हणाले की यापेक्षा आपलं धरण बरं, गोडं तरी आहे.

होडी दहा दिवसांनी ट्रकने आली. सामान पाण्यात टिकतं की नाही ते पाहायला पाणीच लागतं, हे मी या प्रवासात शिकलो. पण त्याआधी एक विचारा: कोण कुठे बसणार?

पहिल्याच आठवड्यात वारा सुटला. काठावरच्या होड्या काठावरच राहिल्या. या दोघांनी पलीकडच्या खोल पाण्यात जाळी टाकली आणि दुपारी दोन टोपल्या भरून परत आले. गावकरी जमले. कुणीतरी दाजींना विचारलं, एवढ्या वाऱ्यात होडी आणली कशी?

जाळं झटकत दाजी म्हणाले, "मला काय विचारता? मागं बसलीय तिला विचारा."